पाकिटात जित्राब आहे: संत्राबागेत मित्रबुरशी आणि जिवाणू वापरण्याआधी वाचा

कास्तकार मंडळी, "ते बुरशीचं औषध द्या" म्हणून तुम्ही दुकानात आलात की आम्ही पाकीट देतो आणि सोबत हा कागदही देतो. त्या पाकिटात औषध नसतं, जित्राब असतं. बैल विकत आणून टिनाच्या शेडखाली उपाशी बांधला तर तो वखर ओढेल का? यालाही चारा, पाणी आणि सावली लागते.

चारा म्हणजे कुजलेलं शेणखत. ज्या वावरात चार वर्षांत बंडीभर शेणखत पडलं नाही आणि यंदाही पडणार नाही, तिथे आमचं पाकीट नेऊ नका. दुकानदाराने असं लिहू नये म्हणतात. पण पुढच्या हंगामात तुम्ही येऊन भांडण्यापेक्षा आजच सांगितलेलं बरं.

झाड वाळतं कशानं

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात बऱ्याच बागा काळ्या, चिकण जमिनीत आहेत. खाली चुनखडी, सामू (जमिनीचा आम्ल-विम्ल आकडा, pH) पुष्कळदा 7.5 च्या वर. अशा जमिनीत टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जातो आणि मुळांना मिळत नाही. हे एक दुखणं. दुसरं त्याहून वाईट. झड लागली की झाडाभोवतीच्या आळ्यात पाणी तुंबतं आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूला मोकळं रान मिळतं. खोडातून डिंक गळतो, तंतुमुळांची साल बोटात सुटून येते, पानं पिवळी पडतात. त्यालाच आपण डिंक्या आणि मूळकूज म्हणतो.

फायटोफ्थोराची बीजं पाण्यात पोहतात, हे ध्यानात ठेवा. मोकाट ओलित केलं की ती एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात जातात. म्हणून आधी चर काढून पाणी बाहेर काढा, दुहेरी आळं करून खोडाला पाणी लागू देऊ नका, आणि कलमाचा डोळा मातीत गाडला गेला असेल तर माती मागे ओढा. पावसाळ्याआधी व नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. हे न करता आमची मित्रबुरशी टाकाल तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

कोण काय करतं

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी रोगाच्या बुरशीभोवती वेटोळे घालते, तिची भिंत विरघळवणारे स्राव सोडते आणि जागा अडवून बसते. स्युडोमोनास हा जिवाणू मुळांभोवती राहून तिला साथ देतो. दोन्ही राखणदार आहेत. अर्ध्याहून जास्त मुळं कुजलेलं झाड ते उठवत नाहीत. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारा जिवाणू, बांधलेला स्फुरद सोडवतो, अझोटोबॅक्टर हा जिवाणू हवेतला नत्र धरतो, पण युरियाची पूर्ण जागा घेईल इतका नाही.

मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून जगणाऱ्या व्हॅम बुरशीची, गोष्ट न्यारी. संत्र्याच्या मुळांना केसमुळं फार थोडी असतात, म्हणून हे झाड या बुरशीच्या धाग्यांवर बरंच विसंबून असतं. तिचे धागे मुळांच्या पुढे जाऊन स्फुरद आणि जस्त आणून देतात. पण ती जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. "व्हॅम शेणात मिसळून पंधरा दिवस वाढवा" असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि तसं करू नका. ती मुळाला लागेल अशीच टाकायची. सर्वांत चांगली वेळ रोप लावतानाची, खड्ड्यात.

ट्रायकोडर्मा टाकायची रीत

झाडामागे ट्रायकोडर्मा 100 ग्रॅम धरा. 20 बाय 20 फुटांवर एकरी साधारण 110 झाडं बसतात, म्हणजे 11 किलो. 1 किलोला 100 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. सावलीत पसरवा, भुकटी मिसळा, पाणी शिंपडा आणि ओल्या पोत्यांनी झाका. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, एवढीच ओल. आठवड्याने एकदा खालीवर करा, पंधराव्या दिवशी झाडामागे 10 किलो टाका. ढिगावर पांढरी, मग हिरवी झाक येते. हिरवं दिसलं की ती आपलीच बुरशी असेल असं मात्र नाही, दुसऱ्याही हिरव्या बुरशा असतात.

खोडाला चिकटून टाकू नका. दुपारी 12 वाजता झाडाची सावली जिथे संपते, तिच्या आतल्या पट्ट्यात तंतुमुळं असतात. तिथे टाकून हलक्या हाताने माती ओढा. पहिल्या दमदार पावसानंतर जमीन ओली झाली की टाका, किंवा आंबिया बहराचा (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा) ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून तोडलेलं पाणी, संपवून पुन्हा पाणी दिल्यावर. मृग बहरासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) ताणावर ठेवलेल्या, मे महिन्यातल्या भेगाळ जमिनीत मुळीच नाही.

नाशिककडच्या द्राक्षबागांची वेळापत्रकं मोबाइलवर फिरतात. त्यांच्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबरची छाटणी असते, आपल्याकडे बहर. तत्त्व तेच, तारखा उचलू नका.

काय सोबत नको

कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारतं. ताम्रयुक्त औषधाची आळवणी केली (औषधाचं पाणी मुळाशी ओतलं) असेल तर पंधरा दिवस थांबा. स्ट्रेप्टोसायक्लीन जिवाणूंना मारतं. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट व्हॅमच्याच जागी, त्याच दिवशी नको. स्फुरद भरपूर मिळाला की झाड त्या बुरशीला दाद देत नाही.

पाकीट घेताना

आमचंच काय, कोणाचंही घ्या, पण उलटून वाचा. ट्रायकोडर्माची नोंदणी 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली असते, तिथे ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत बीजं हवीत. अझोटोबॅक्टर, पीएसबी ही जैविक खतं 1985 च्या खत नियंत्रण आदेशात येतात; भुकटीत ग्रॅमला किमान 5 कोटी, द्रवरूपात मिलिलिटरला 10 कोटी. तारीख उलटलेलं पाकीट फुकटातही नेऊ नका.

मागे एका मे महिन्यात आमच्याच दोन पेट्या वाहतूकवाल्याच्या गाडीत दोन दिवस उन्हात राहिल्या. बाहेरून पाकिटं नवीकोरी दिसत होती. आम्ही ती उकिरड्यावर ओतली. तुम्हीही नेताना मोटरसायकलच्या टाकीवर ठेवू नका, घरी माठाच्या खोलीत ठेवा आणि युरियाच्या पोत्यांपासून लांब.

पाकीट घ्यायला येताना शक्य असेल तर माती तपासणीचा कागद आणा. सामू आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे पाहून काय घ्यायचं आणि काय नाही घ्यायचं, दोन्ही सांगू.