'कृत्रिम सूर्य' म्हणू नका

चीनच्या 'ईस्ट' या संलयनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, प्रायोगिक यंत्राने जानेवारी २०२५ मध्ये तप्त प्लाझ्मा (भारित कणांचा वायू) १०६६ सेकंद धरून ठेवला आणि 'कृत्रिम सूर्य' हे मथळे पुन्हा झळकले. कामगिरी मोठीच आहे, पण ते नाव मला खटकतं. सूर्याची हुबेहूब नक्कल केली तर तिच्यावर वीजघर चालणार नाही.

हिशेब करून पाहा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते, जुन्या पिवळ्या बल्बइतकी. शरीराचं आकारमान जेमतेम ०.०७ घनमीटर, म्हणजे दर घनमीटरला हजार वॅटच्या वर. सूर्याच्या ऐन गाभ्यात हाच आकडा ३०० वॅटच्याही खाली आहे! सूर्य प्रखर आहे तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. आतली आग अगदी मंद आहे.

ती मंद का, यातच खरी गंमत आहे. गाभ्याचं तापमान सुमारे दीड कोटी अंश. संलयनासाठी तिथल्या प्रोटॉनांनी, म्हणजे हायड्रोजनच्या अणुकेंद्रांनी, एकमेकांना भिडायला हवं. पण ते धनभारित, त्यामुळे जवळ आले की एकमेकांना ढकलतात. हा प्रतिकर्षणाचा डोंगर चढायला लागणारी ऊर्जा प्रोटॉनच्या सरासरी ऊर्जेच्या शेकडो पट आहे. शाळेतल्या नियमांनी पाहिलं तर सूर्य पेटायलाच नको. पण प्रोटॉन म्हणजे गोटी नव्हे. पुंज यांत्रिकीनुसार त्याचं अस्तित्व लहरीसारखं पसरलेलं असतं. डोंगराच्या पायथ्याशी ती लहर थांबत नाही. ती आत शिरते, घातांकी वेगाने क्षीण होत जाते, पण पलीकडे पोचेपर्यंत पूर्ण शून्य होत नाही. जो अंश उरतो, तीच प्रोटॉन पलीकडे सापडण्याची शक्यता. हे क्वांटम टनेलिंग. १९२९ मध्ये ॲटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ताऱ्यांच्या ऊर्जेचा उलगडा करायला हीच कल्पना वापरली.

एवढ्यानेही भागत नाही. दोन प्रोटॉनांची जोडी टिकत नाही. भेटीच्या त्या क्षणातच एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि ते काम क्षीण बलाकडे आहे, निसर्गातल्या एका मूलभूत पण नावाप्रमाणेच दुबळ्या बलाकडे. त्यामुळे गाभ्यातल्या एका प्रोटॉनला सरासरी काही अब्ज वर्षं ताटकळावं लागतं. सूर्य साडेचार अब्ज वर्षं पुरला तो म्हणूनच.

आपल्याला एवढा धीर धरता येत नाही. म्हणून इथे ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार वापरतात: न्यूट्रॉन आधीच हजर, पण तापमान दहापट, पंधरा कोटी अंशांच्या घरात. त्यांच्या संलयनातली ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातो, आणि विद्युतभार नसल्याने प्लाझ्मा धरून ठेवणारं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवू शकत नाही. तो भिंतीवर आदळतो. त्याच न्यूट्रॉनने लिथियममधून नवं ट्रिटियमही घडवायचं असतं, कारण ट्रिटियमचा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा काळ) १२.३ वर्षं आणि निसर्गात ते जवळपास नाहीच. ड्युटेरियम मात्र समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे. या वाक्याचा आधार घेऊन 'पाण्यावर चालणारी गाडी' दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. राखेवर चूल पेटत नाही.

अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेझरने संलयन घडवण्याच्या प्रयोगात २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल मिळाले. विजेचं एक युनिट ३.६ मेगाज्यूलचं असतं. आणि ते लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती.

यावरून कुणी संशोधन थांबवा म्हणेल, तर मी त्याच्या बाजूने नाही. माझा आक्षेप 'सर्वांना अमर्याद, फुकट वीज' या आश्वासनाला आहे. ऊन आणि वारासुद्धा फुकटच असतात. पैसे लागतात ते यंत्राला, तारांना, देखभालीला. संलयनाचं यंत्र तर अजस्र आणि महागडं, म्हणजे ज्याच्याकडे भांडवल त्याच्याच मालकीचं. २०२३ मध्ये जगात ६० कोटींहून अधिक लोकांकडे वीज पोचलेली नव्हती. त्यांना या यंत्राची वाट पाहायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. छपरावरच्या सौरपट्टीला सूर्याचा तोच मंद जाळ आजही पुरतो, आणि तिथवर लांबून तार ओढावी लागत नाही.