मायलिनक्षयी विकार आणि विषाणू

मेंदू, मज्जारज्जू आणि चेतांमधील अक्षतंतूंभोवती (चेतापेशींच्या संदेशवाहक लांब तंतूंभोवती) मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण असते व त्यामुळे चेतासंदेश वेगाने वाहतात. हे आवरण झडून अक्षतंतू आरंभी बऱ्याच अंशी शाबूत राहतात, अशा विकारांना मायलिनक्षयी विकार म्हणतात. त्यांतील काहींत विषाणूचा हात सिद्ध झाला आहे, काहींत तो संभाव्य मानला जातो.

जेसी विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात निरुपद्रवी अवस्थेत असतो. मात्र एड्समुळे किंवा नॅटालिझुमॅबसारख्या औषधामुळे प्रतिकारशक्ती दुबळी झाली, की तो मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींत वाढून त्यांचा थेट नाश करतो. गोवरानंतर क्वचित उद्भवणाऱ्या मस्तिष्कदाहाची रीत वेगळी आहे. त्यात मेंदूत विषाणू सहसा सापडत नाही. संसर्गाने चेतलेली प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर उलटते. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची जुनी सेम्पल लस टोचून घेतलेल्यांपैकी काहींनाही असाच विकार होत असे, कारण लशीत मायलिनचे अंश असत.

पुण्यात २०२५ च्या आरंभी सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी व नांदेड गाव परिसरात गियाँ-बारे लक्षणसमूहाचे अनेक रुग्ण आढळले. या विकारात प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूबाहेरील चेतांवर हल्ला करते. पायांना मुंग्या येऊन सुरू होणारी दुर्बलता काहींत श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचली. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत शौचाच्या काही नमुन्यांत नोरोव्हायरस मिळाला, तरी मुख्य संशय कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जीवाणूवर गेला. या जीवाणूनंतर बहुधा अक्षतंतूच दुखावतो, त्यामुळे अशा प्रत्येक रुग्णात मायलिनक्षय गृहीत धरणे योग्य नव्हे.

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात मेंदू व मज्जारज्जूतील मायलिन प्रतिकारयंत्रणेच्या हल्ल्याने झडते. त्याबाबत एपस्टाइन-बार विषाणूविरुद्धचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. सुमारे १ कोटी अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवर आधारित, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या संसर्गानंतर रोगाचा धोका सुमारे ३२ पट वाढलेला दिसला, आणि चेताहानीचा रक्तातील निदर्शक संसर्गानंतरच चढू लागला. विषाणूच्या ईबीएनए-१ प्रथिनाचा एक भाग चेतासंस्थेतील ग्लायलकॅम प्रथिनासारखा असल्याचेही त्याच वर्षी दाखवले गेले; या साम्यामुळे प्रतिकारयंत्रणेची गल्लत होऊ शकते. तथापि भारतात हा संसर्ग बहुतेकांना बालपणीच होतो, तरीही येथे हा रोग युरोपच्या तुलनेत विरळ आहे. म्हणून हा विषाणू आवश्यक घटक असला, तरी पुरेसा नाही, असे मानणेच सयुक्तिक ठरते. आनुवंशिकता, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आणि संसर्गाचे वय यांचाही परिणाम होतो, आणि कुमारवयात संसर्ग होऊन ग्रंथिज्वर (ताप व मानेच्या गाठी सुजणे) आलेल्यांत धोका अधिक आढळतो.