वऱ्हाडचा महसूल, दख्खनचे घोडे आणि नगरचे रणगाडे

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेव्हापासून शिर्डीला निघालेल्या कुणाही नागपूरकराला मी एकच सांगतो: दर्शन झालं की घाई करून परत फिरू नका, पुढे अहिल्यानगरला जा आणि रणगाड्यांचं संग्रहालय बघून या. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने उभं केलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. उद्घाटन तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी केलं. ते स्वतः रणगाडा दलातले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पदावर असतानाच, ते गेले.

त्या आवारात फिरताना पहिल्यांदा वाटतं, हे सगळं परक्यांचं लोखंड आहे. ब्रिटिश माटिल्डा, जपानी हा-गो, अमेरिकी पॅटन. नागपूरचा, विदर्भाचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. पण तो रणगाड्यांपासून सुरू होत नाही, घोड्यांपासून सुरू होतो.

आधी नावाचं पाहू. पहिलं महायुद्ध खंदकांत अडकून पडलं होतं. ब्रिटिशांनी लिंकन गावच्या एका कारखान्यात खंदक ओलांडणारी, पट्ट्यांवर चालणारी पोलादी गाडी बनवायला घेतली. गुप्तता राहावी म्हणून, मेसोपोटेमियाच्या आघाडीसाठी पाणी वाहून नेणाऱ्या टाक्या बनताहेत असं सांगितलं गेलं आणि १९१५ च्या अखेरीस 'टँक' हे नाव पक्कं झालं. हा इंग्रजी शब्द आला कुठून? त्यांचे कोशकार पोर्तुगीजकडे बोट दाखवतात, आणि गुजराती-मराठीकडेही. गडावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इंग्रजांच्या काळात नागपुरात टँक म्हणजे तलावच. शुक्रवारी तलावाला ते जुम्मा टँक म्हणत, अंबाझरीला अंबाझरी टँक. पाण्याच्या टाक्याचं नाव तोफेच्या गाडीला चिकटलं ते असं. मराठीने मात्र ते उसनं घेण्यापेक्षा स्वतःचा शब्द घडवला, रणगाडा, आणि तो मला अधिक नेमका वाटतो.

आता घोड्यांकडे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई नागपूरकरांना ठाऊक आहे. अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने, त्यातल्या अरबांनी, इंग्रजांना टेकडीवर जेरीला आणलं होतं. दोन टेकड्यांपैकी धाकटी पडली होती. अशा वेळी सहाव्या बंगाल कॅव्हलरीच्या कॅप्टन फिट्झजेराल्डने तीन तुकड्या घेऊन मैदानात धाव घेतली, भोसल्यांच्या तोफा काबीज केल्या आणि दिवस फिरला. भोसल्यांचं राज्य ज्या हत्याराने मोडलं, ते वेगाने येऊन धडकणारं घोडदळ होतं. रणगाड्याकडून पुढे शंभर वर्षांनी हेच काम अपेक्षित होतं. त्याच १८१७ साली पुण्याच्या तहाने पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांनी एक रिसाला उभा केला, तो पुढे पूना हॉर्स म्हणून ओळखला गेला. चार वर्षांनी, १८२१ मध्ये, कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली.

विदर्भाशी सगळ्यात थेट नातं मात्र दुसऱ्या एका रिसाल्याचं आहे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, हैदराबाद कन्टिन्जन्ट. तिचा खर्च निजामाने द्यायचा. तो थकत गेला, कर्ज वाढत गेलं, आणि १८५३ च्या तहाने निजामाला त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. अमरावती, अकोला, अचलपूरच्या काळ्या मातीतून जो सारा उठत होता, त्यातून त्या फौजेचा पगार आणि घोड्यांचा दाणा निघू लागला. आपल्याकडे इतिहास शिकवताना पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, नागपूर खालसा झालं हे सांगतात. वऱ्हाड कशापायी गेलं हे क्वचितच सांगतात. ते एका फौजेपायी गेलं.

त्या फौजेतलं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. शिलेदार हा शब्द मराठी घोडदळाचाच. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनी ही पद्धत उचलली आणि 'सिलादार' असं तिचं बारसं केलं. सवाराने असामीची, म्हणजे रिसाल्यातल्या आपल्या जागेची, रक्कम भरायची, घोडा, जीन, कपडे स्वतः सांभाळायचे, आणि त्या बदल्यात पगार जरा जास्त घ्यायचा. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि त्याचा कारभार नागपुरातून चालू लागला. त्याच वर्षी हैदराबाद कन्टिन्जन्टही भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या पहिल्या लान्सर्सना, म्हणजे भालाईत घोडदळाला, नवं नाव मिळालं, २० वा डेक्कन हॉर्स. दुसरे लान्सर्स २९ वे लान्सर्स झाले.

हा डेक्कन हॉर्स पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेला. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सोमच्या रणभूमीवर, हाय वुड नावाच्या रानाजवळ, त्याने सातव्या ड्रॅगून गार्ड्सच्या बरोबरीने भाले पेलून उभ्या पिकातून हल्ला चढवला. पिकात दडलेले जर्मन शिपाई भाल्यांनी टिपले, काही पकडले. पण मशीनगनपुढे घोडा किती टिकणार? रान हाती राहिलं नाही. दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ ला, जगात पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरले, ते याच आघाडीवर. त्या दिवसासाठी ४९ रणगाडे होते, प्रत्येकी सुमारे २८ टनांचे, आत आठ माणसं, वेग माणसाच्या चालीइतका. हल्ल्याच्या जागी पोहोचले ३२. हाय वुडमध्ये गेलेले तर झाडांच्या बुंध्यांत अडकले. तरीही रान त्याच दिवशी पडलं. घोड्याची धाव आणि रणगाड्याचं पहिलं पाऊल एकाच रानात, त्रेसष्ट दिवसांच्या अंतराने, आणि त्या घोड्यांचा वंश वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेला. नगरच्या आवारात उभा राहून मी हे आठवतो तेव्हा ते लोखंड मला परकं वाटत नाही.

युद्ध संपल्यावर ३९ घोडदळ रेजिमेंट होत्या, त्यांच्या २१ करण्यात आल्या. २० वा आणि २९ वा मिळून नववा डेक्कन हॉर्स झाला. शिलेदारी पद्धत मोडीत निघाली. पण घोडे गेले नाहीत. १९३८ उजाडलं तेव्हा कुठे पहिल्या भारतीय रेजिमेंटने, सिंध हॉर्सने, घोडे सोडून यंत्रं घेतली. १ मे हा आर्मर्ड कोअरचा स्थापना दिन मानतात तो त्यावरून. घोड्याचं पालनपोषण पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेल्या माणसांना ग्रीस आणि पेट्रोलच्या वासाची सवय करून घ्यावी लागली. नावं मात्र त्यांनी सोडली नाहीत. रणगाड्यातला साधा जवान आजही 'सवार' असतो, त्याच्या वर दफेदार, त्याच्या वर रिसालदार. घोडा नाही, रिसाला आहे.

नगरच्या संग्रहालयातली सगळ्यात जुनी गाडी रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार आहे. मोटारगाडीचं चाक, मोटारगाडीचं नाक आणि त्यावर रिव्हेट ठोकून बसवलेले पत्रे. ज्याने बांधली त्याच्या डोक्यात अजून बग्गी होती हे ध्यानात येतं. माझा पाय सगळ्यात जास्त रेंगाळतो तो मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी हा-गोपाशी. वजन जेमतेम साडेसात टन, आणि चिलखत जिथे सगळ्यात जाड तिथे १२ मिलिमीटर. करंगळी आडवी धरून पाहा, साधारण तेवढंच पोलाद. ब्रिटिश माटिल्डाचं चिलखत ७८ मिलिमीटर, म्हणजे चार बोटं. चर्चिलच्या सातव्या आवृत्तीचं १५२, म्हणजे आठ बोटं. तेवढ्या फरकावर आतल्या माणसाचं जगणं-मरणं ठरत होतं. भर उन्हात त्या पत्र्यावर हात टेकवला की चटका बसतो आणि लगेच मागे घ्यावा लागतो. बंद झाकणाखाली, चालू इंजिनाशेजारी, आतल्यांचं काय होत असेल याचा थोडा अंदाज तेवढ्याने येतो.

फाळणीत १८ चिलखती रेजिमेंटपैकी १२ भारताकडे आल्या, ६ पाकिस्तानकडे गेल्या. आठवड्यापूर्वी एकाच मेसमध्ये जेवणारी माणसं दोन बाजूंना गेली. काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ ला ७ व्या लाइट कॅव्हलरीने साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले. श्रीनगरपर्यंत ते वरचे घुमट उतरवून, ताडपत्री घालून आणले होते. त्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि मग १९६५. डेक्कन हॉर्स आता शेर्मन रणगाड्यांवर होता, दुसऱ्या महायुद्धातल्या. त्याचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य, मूळ अलिबागचे. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावाशी ८ ते १० सप्टेंबर या काळात पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन पॅटन घेऊन आली. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची आणि समोरचं चिलखत शेर्मनच्या गोळ्याला दाद न देणारं. समोरासमोर उभं राहून जमण्यासारखं नव्हतं. म्हणून भारतीय फौजेने घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी धरली, कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि उसात रणगाडे दडवले. पॅटन चिखलात रुतत, वळत, बाजू उघडी पडे, आणि उसातून शेर्मन आणि सेंच्युरियन त्या बाजूवर गोळा टाकत. ४९ वर्षांपूर्वी उभ्या पिकातून भाला घेऊन धावलेल्या रेजिमेंटने या वेळी उभ्या पिकात दबा धरला. लढाई संपली तेव्हा पाकिस्तानचे ९७ रणगाडे जळालेले, मोडलेले किंवा सोडून दिलेले होते. वैद्यांना महावीरचक्र मिळालं. याच लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या, तोफेने एकापाठोपाठ एक पॅटन टिपले आणि तिथेच प्राण दिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पकडलेले पॅटन पुढे विजयचिन्हं म्हणून देशभर गावोगावी उभे राहिले. रणगाडा म्हणजे चौथऱ्यावर उभी असलेली वस्तू, ही आपल्या पिढीची ओळख तिथून सुरू झाली.

सहा वर्षांनी वैद्य ब्रिगेडियर होते आणि बसंतरच्या लढाईत १६ व्या चिलखती ब्रिगेडचं नेतृत्व करत होते. दुसरं महावीरचक्र त्यांना त्याबद्दल मिळालं. त्याच लढाईत, १६ डिसेंबर १९७१ ला, पूना हॉर्सचे २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपला सेंच्युरियन पेटलेला असतानाही त्यातून उतरले नाहीत. जन्म पुण्याचा, रेजिमेंट पुण्याची. त्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. तो दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्येच जपून ठेवला आहे. वैद्य १९८३ मध्ये लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात दहशतवाद्यांनी त्यांची हत्या केली.

भारतात बनलेला पहिला रणगाडा विजयंता १९६५ च्या अखेरीस चेन्नईजवळच्या अवाडीच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याचा आराखडा ब्रिटिश होता, पण जुळणीपासून सुरुवात करून पुढे सुटे भागही इथेच होऊ लागले. संग्रहालयात तोही आहे, आणि मला वाटतं त्याच्यापुढे लोक पुरेसे थांबत नाहीत. मोडक्या शत्रूचा रणगाडा बघायला गर्दी होते, आपण घडवलेल्याकडे नजर टाकून पुढे जातात. नागपूरकराने तरी असं करू नये. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांची कवचं घडतात, भंडाऱ्याच्या जवाहरनगरला त्यांची दारू तयार होते, आणि कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. या रेजिमेंटच्या अनेक बटालियन बीएमपी या पट्ट्यांच्या चिलखती गाड्यांतून लढतात. कामठीत पायी कवायत शिकलेला पोरगा पुढे अशा गाडीच्या पोटात बसून रणगाड्याच्या मागोमाग धावतो.

नगरला जाणं जमलं नाही, तर सीताबर्डीचा किल्ला घरापासून जवळ आहे. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने एरवी बंद असतो, प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्यदिनाला लोकांसाठी उघडतो. महाराष्ट्र दिन, १ मे, हाच आर्मर्ड कोअरचाही दिवस. किल्ल्यात मुक्काम आहे ११८ व्या प्रादेशिक सेना बटालियनचा, आणि ती आहे ग्रेनेडियर्सची, अब्दुल हमीदांच्या रेजिमेंटची. तटावरून खाली पाहिलं की फिट्झजेराल्डचे घोडे ज्या मैदानात उतरले, तिथे आज रेल्वे स्टेशन आणि बर्डीचा बाजार दिसतो.