शंभर लिटर उसना श्वास

जुलैमधल्या एका सोमवारी मी सर्दी घेऊन ऑफिसात गेलो. चूक माझीच. "एवढ्याशा पडशाला कसली रजा टाकायची" हा नोकरदारी बाणा आडवा आला. तिसऱ्या शिंकेला अकाउंट्समधल्या मॅडमनी पर्समधून सॅनिटायझर काढला. पाचव्या शिंकेनंतर त्या उठल्या आणि आम्हा दोघांत मिळून असलेले स्टेपलर, पंच आणि कॅल्क्युलेटर त्यांनी ओल्या टिश्यूने लख्ख पुसले. "सर, राग मानू नका हं, घरी लहान मूल आहे," म्हणाल्या. मग परत जाताजाता, पावसाचे तुषार आत येत होते म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली आणि एसी सुरू केला.

राग नाहीच आला. पण पुसापुशीत त्यांची पाच मिनिटं गेली आणि खिडकी लावायला एक क्षण लागला. त्या पाच मिनिटांत त्यांनी जेवढं कमावलं, त्याच्या कितीतरी पट त्या एका क्षणात घालवलं. ते कसं, ते सांगतो.

आधी मुद्देमाल. सर्दीचा सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. गेंड्याच्या इंग्रजी नावातला 'ऱ्हायनो' तोच, अर्थ नाक. व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीस हजारांहून जास्त विषाणू ओळीने बसतील. याचे १६० च्या वर प्रकार आहेत, म्हणून लस नाही आणि एकदा होऊन गेली तरी सुटका नाही. त्याला बाहेरून स्निग्ध वेष्टण नसतं. अल्कोहोल मुख्यतः अशा वेष्टणाची वाट लावतं, त्यामुळे सॅनिटायझर करोनावर जितका चालला तितका याच्यावर चालत नाही. साबण आणि नळाचं पाणी बरं, कारण तिथे विषाणू मारायचा नसतो, नुसता वाहून घालवायचा असतो.

आणि गारव्याने सर्दी होते म्हणाल, तर तो समज शब्दातच बसला आहे: फारसीत 'सर्द' म्हणजे थंड. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला १९४६ ते १९९० या काळात सर्दीच्या अभ्यासासाठी एक खास केंद्र चालू होतं. तिथे क्रिस्टोफर अँड्र्यूज यांनी स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या कपड्यांनिशी वाऱ्याच्या बोळात उभं केलं. नुसत्या कुडकुडण्याने कुणाला सर्दी झाली नाही. विषाणू हवाच.

तो एका नाकातून दुसऱ्या नाकात जातो कसा, यावर अमेरिकेत दोन विद्यापीठांत चांगलीच जुंपली होती. व्हर्जिनियात जॅक ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवलं की सर्दीवाल्याचा शेंबडाचा हात निरोग्याच्या हाताला लागला आणि त्याने तो स्वतःच्या नाकाडोळ्यांना लावला, तर १५ पैकी ११ वेळा संसर्ग होतो. हवेतून मात्र जवळजवळ नाही. हात धुवा, हात धुवा, हा उपदेश इथून जोर धरतो.

विस्कॉन्सिनच्या एलियट डिक यांना हे पटेना. १९८७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग माझा भलता लाडका आहे. त्यांनी लोकांना पत्ते खेळायला बसवलं, पोकर, सलग बारा तास. काही खेळाडूंना प्रयोगशाळेतला ऱ्हायनोव्हायरस देऊन सर्दी आणलेली, बाकीचे धडधाकट. धडधाकटांपैकी निम्म्यांना हात तोंडापर्यंत नेताच येऊ नये अशी बांधाबांध केली होती. म्हणजे पत्ते हातात घेता येतात, पण नाक खाजवता येत नाही. बारा तास! (नाक खाजवू नका असं सांगितल्या क्षणी ते खाजू लागतं, त्यामुळे त्या लोकांबद्दल मला अतीव आदर आहे.) अशा तीन खेपांचा मिळून निकाल असा: हात मोकळे असलेल्या १८ पैकी १२ जणांना संसर्ग झाला, आणि बांधलेल्या १८ पैकी १० जणांना. फरक नगण्य. बांधलेल्यांपर्यंत विषाणू पोचायला हवेशिवाय रस्ताच नव्हता.

पण खरी मजा चौथ्या खेपेला. आठ सर्दीवाल्यांनी बारा तास हाताळून बरबटलेले पत्ते, सोंगट्या, पेन्सिली उचलून दुसऱ्या खोलीत नेल्या आणि बारा निरोग्यांना त्यांनीच खेळायला लावलं, तेही हात मुद्दाम तोंडाला लावत. संसर्ग किती जणांना? शून्य. बारापैकी एकालाही नाही.

माझा स्टेपलर त्या पत्त्यांहून नक्कीच स्वच्छ होता.

म्हणजे हातांचा रस्ता खोटा नाही. ओला हात थेट ओल्या हाताला लागला तर तो चालतो, तेव्हा सर्दीवाल्याशी हस्तांदोलन टाळलेलं बरं. पण ऑफिसात दिवसभर आपण एकमेकांचे हात धरून बसत नाही. आठ तास एकमेकांचं काय वापरतो, तर हवा.

आता थोडं गणित, धीर धरा. शिंकेतून, खोकल्यातून, नुसत्या बोलण्यातूनही थेंब उडतात. थेंब किती वेगाने खाली येणार हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास दहापट कमी, तर वेग शंभरपट कमी. स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून १०० मायक्रॉनचा थेंब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे जाडसर केसाएवढा, पाच-सहा सेकंदांत जमिनीवर. १० मायक्रॉनचा आठेक मिनिटांनी. आणि १ मायक्रॉनचा? साधारण चौदा तासांनी, म्हणजे तुम्ही घरी जाऊन जेवून झोपलात तरी तो खोलीत तरंगतोच आहे. एवढ्याशा कणातही ३० नॅनोमीटरचे विषाणू सहज मावतात. रुमाल मोठे थेंब अडवतो. हे बारके उच्छ्वासाबरोबर धुरासारखे पसरतात.

धूर दिसतो, उच्छ्वास दिसत नाही. पण त्याची एक खूण मोजता येते: कार्बन डायऑक्साइड. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० भाग. दारंखिडक्या लावलेल्या भरल्या ऑफिसात दुपारपर्यंत हा आकडा दीड हजाराच्या पुढे जाणं काही नवलाचं नाही. समजा १६२० झाला. त्यातून बाहेरचे ४२० वजा करा, उरले १२००. हे १२०० आले कुठून? कुणाच्या तरी छातीतून. १२०० भागिले ४०,००० म्हणजे ३ टक्के. याचा अर्थ त्या खोलीत तुम्ही घेता त्या हवेतली ३ टक्के हवा आधी कुणीतरी घेऊन सोडलेली आहे.

तीनच टक्के ना, असं वाटेल. बसल्या जागी माणूस मिनिटाला साधारण ७ लिटर हवा आत घेतो. आठ तासांत ३३६० लिटर. त्याचे ३ टक्के म्हणजे शंभर लिटर. कोपऱ्यात पाण्याचा २० लिटरचा जार उपडा ठेवलेला असतो ना, तसे पाच जार. थोडी स्वतःचीच परत आलेली हवा सोडली तर बाकी सगळा सहकाऱ्यांचा उच्छ्वास, रोज. माझ्या उष्ट्या कपातून चहा प्या म्हटलं तर कुणी पिणार नाही, आणि पाच जार निमूटपणे.

इथे एसीची गंमत आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणतो असं पुष्कळांना वाटतं, कारण त्याची अर्धी पेटी बाहेर टांगलेली असते. पण त्या नळ्यांतून फिरतो तो गॅस, हवा नव्हे. बाहेरच्या पेटीतून फक्त उष्णता बाहेर जाते. खोलीतली हवा खोलीतच घुसळली जाते, गार होऊन पुन्हा तुमच्याच तोंडावर येते, आणि त्याची जाळी धूळ धरते, विषाणू नाही.

उपाय म्हणजे बाहेरची हवा, पण तिचाही हिशेब सरळ नाही. नीळ कालवलेल्या बादलीत वरून नळ सोडला आणि बादलीभर पाणी ओतून झालं, तर नीळ संपते का? नाही. नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि मिश्रणच सांडतं. बादलीभर पाणी गेल्यावर ३७ टक्के नीळ शिल्लक, दोन बादल्यांनंतर १४, तीननंतर ५. खोलीचंही तसंच. म्हणून दुपारी पाच मिनिटं दार उघडून 'हवा बदलली' म्हणणं फसवं. नळ चालू राहिला पाहिजे, भले बारीक धारेने. खिडकी चार बोटं उघडी आणि समोरचं दार किलकिलं, एवढ्यानेही हवा आरपार वाहते. सर्दीवाल्याने मास्क लावला तर आणखी उत्तम.

यावर कुणी काढ्याची पुडी पुढे करील, 'इम्युनिटी बूस्टर' असं छापलेली. ती घेण्यापूर्वी एवढं ऐका: ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराची फारशी मोडतोड करत नाही. नाक गळणं, चोंदणं, घसा खवखवणं हा बराचसा प्रताप आपल्याच प्रतिकारयंत्रणेचा. हिरवट शेंबडाचा रंगसुद्धा आपल्या पांढऱ्या पेशींतल्या लोहयुक्त एन्झाइमचा, त्यासाठी अँटिबायोटिक नको. ती यंत्रणा आणखी चेकाळली तर काय होईल, ते पुडीवर छापत नाहीत. आल्याचा चहा जरूर प्या, चांगला लागतो.

"मग घरीच का नाही बसलात," हा मॅडमचा न विचारलेला प्रश्न रास्तच. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीनदा तरी सर्दी होते. विषाणू सर्वाधिक उधळला जातो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे नेमका तेव्हा, जेव्हा आपण गोळी घेऊन लोकल पकडतो. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला ८ नैमित्तिक रजा देतो. दोन सर्द्यांचे तीन-तीन दिवस धरले तर उरल्या दोन, त्यात गणपती, भाच्याचं लग्न आणि बँकेचं काम बसवा. आजी, कुणी बाहेर निघताना शिंक आली की पाच मिनिटं बसायला लावायची. शकुन-अपशकुन सगळा खुळचटपणा. पण शिंकणाराच निघाला असेल तर त्याला बसवण्यात वावगं काही नाही, फक्त पाच मिनिटं कमी पडतात.

तर त्या सोमवारी मी बारापर्यंत टिकलो आणि हाफ डे टाकून घरी गेलो. गुरुवारी परत आलो तेव्हा मॅडमच्या टेबलावर टिश्यूचा डोंगर होता. कॅल्क्युलेटर चकाकत होता, खिडकी बंद.

"काही नाही हो सर," त्या नाक पुसत म्हणाल्या, "परवा स्टेशनवरून येताना भिजले ना!"