घडी सोसणारा कागद

कागदाला घडी घालणं म्हणजे त्याला मुद्दाम केलेली इजा. घडीच्या बाहेरच्या अंगाला तंतू ताणले जातात, आतल्या अंगाला चेपले जातात आणि तंतूंमधले काही बंध कायमचे सुटतात. म्हणूनच घडीची खूण पुसली जात नाही. ओरिगामीत, म्हणजे कागदाला घड्या घालून आकार करायच्या जपानी कलेत, तीच रेघ उलटसुलट मोडावी लागते, एकेका बिंदूवर अनेक घड्या येऊन मिळतात. साधा छपाईचा कागद तिथेच उसवतो.

जपानी हातकागद, म्हणजे वाशी, तिथे तग धरतो तो तंतूंच्या लांबीमुळे. तुतीच्या कुळातल्या कोझो या झाडाच्या आतल्या सालीचे तंतू साधारण १० मिलिमीटर लांब असतात. निलगिरीसारख्या लाकडाच्या लगद्यातले जेमतेम १ मिलिमीटरचे. वर्तमानपत्र फाडलं की कड आखूड, भुरभुरीत दिसते. कोझोचा कागद फाडून पाहा, कडेला केसांसारखे तंतू लोंबत राहतात. घडीवरून आरपार गेलेले असे तंतूच दोन्ही बाजू धरून ठेवतात.

पण लांब तंतू पाण्यात गुंततात, गोळे होतात. यावरचा जपानी उपाय मला फार आवडतो: भेंडीच्याच जातकुळीतल्या तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत चीक. तो पाण्यात घातला की तंतू सुटे तरंगतात आणि पाणी जाळीतून सावकाश निथळतं. कारागिराला साचा हलवून पातळ थरावर थर चढवायला सवड मिळते. उष्णतेने हा चीक पातळ होतो, म्हणून कागद करायचा खरा हंगाम हिवाळा. २०१४ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवलेली वाशीची कला ती हीच.

गंमत म्हणजे नुसता कोझो घडीला जरा जास्तच मऊ पडतो. न फाटणं वेगळं आणि घडी धरणं वेगळं. त्यासाठी ओरिगामीवाले त्याला मिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या चिकट पदार्थाची खळ देतात. जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी रूढ केलेली ओल्या घडीची पद्धतही खळीवरच चालते: खळ असलेला जाड कागद किंचित ओला केला की खळ आणि तंतूंमधले बंध सैल होतात, कागदाला गोलाई देता येते आणि वाळल्यावर ती तशीच कडक राहते.

आपल्याकडचा सुती चिंध्यांचा हातकागद जाड आणि खळ दिलेला असेल तर ओल्या घडीसाठी जरूर वापरून पाहावा. ओरिगामीतले बारीक पायांचे किडे करायला मात्र तो घेऊ नये.