‘नॅनो आहे, मातीत काही उरत नाही’ हा समज चुकीचा
निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत एक समज फिरत असतो: बुरशीसाठी फवारलेलं नॅनो तांबं, नॅनो चांदी इतकी बारीक, की पानातच जिरते, मातीत काही उरत नाही. हे साफ चूक आहे. नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण. कितीही बारीक केला तरी धातू तो धातूच, तो कुजत नाही.

आपल्या बोर्डोचंच, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक द्रावणाचंच बघा. एक टक्का द्रावणाच्या १०० लिटरमध्ये १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे सुमारे २५० ग्रॅम तांबं. पानांवरचे निळसर डाग पावसाने धुतले, की ते वेलीच्या बुडाशी वरच्या थरात साचतं. नॅनोत मात्रा कमी लागू शकते, हे मान्य. पण वजनाच्या मानाने कणांचा पृष्ठभाग मोठा, म्हणून धातूचे आयन (विद्युतभारित कण) लवकर सुटतात. ज्या गुणाने तांबं-चांदी बुरशी मारतात, त्याच गुणाने मुळांजवळचे उपयोगी जिवाणूही मरू शकतात. नॅनो जस्ताचं थोडं वेगळं: कमतरता असेल तिथे ते पिकाला हवंच, अति झालं की मुळं खुंटतात.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तांबं बरंचसं बांधलं जातं, त्यामुळे त्रास लवकर दिसत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, माती परीक्षणात तांब्याचा आकडा जरूर मागून घ्या.