३५.४५ वस्तुमानाचा अणू कुठेच नसतो

आवर्तसारणीत क्लोरीनच्या चौकटीत ३५.४५ हा आकडा असतो. त्यातून अणुअंक १७ वजा करून न्यूट्रॉन मोजायला गेले की उत्तर येते १८.४५. अर्धामुर्धा न्यूट्रॉन तर नसतो. वजाबाकी बरोबर आहे, आकडा चुकीचा उचललाय. न्यूट्रॉन मोजायला अणुवस्तुमानांक लागतो, म्हणजे एकाच अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या. ३५.४५ ही मिश्रणाची सरासरी आहे.

अणूत १७ प्रोटॉन असले तर तो क्लोरीन. १६ असले तर गंधक, १८ असले तर अरगॉन. न्यूट्रॉनांच्या संख्येवर असे बंधन नाही. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेल्या अणूंना समस्थानिके म्हणतात. क्लोरीनची स्थिर समस्थानिके दोन: १८ न्यूट्रॉनांचे क्लोरीन-३५ आणि २० न्यूट्रॉनांचे क्लोरीन-३७. दोन्हींत इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ७ अशीच असल्याने रासायनिक वागणूकही जवळपास सारखीच.

सरासरी काढताना प्रत्येक समस्थानिकाच्या वस्तुमानाला त्याच्या निसर्गातल्या प्रमाणाचा (७५.७६ आणि २४.२४ टक्के) भार लावावा लागतो:

३४.९६८८५ × ०.७५७६ + ३६.९६५९० × ०.२४२४ = ३५.४५

इथे वस्तुमानांऐवजी ३५ आणि ३७ घातले तर ३५.४८ येते. फरक बारीक वाटतो, पण उलट दिशेने, सरासरीवरून प्रमाण काढताना तो दीड टक्क्याच्या आसपास चूक घडवतो. वस्तुमान ३५ पेक्षा किंचित कमी का? क्लोरीन-३५ चे सुटे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन मिळून ३५.२८९ अणुवस्तुमान एकके भरतात. केंद्रक जुळताना त्यातली सुमारे ०.३२ एकके बंधन ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडलेली असतात.

समस्थानिके वेगवेगळी दिसतात ती वस्तुमान वर्णपटमापीत. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये असे उपकरण बनवले आणि क्लोरीनचा हा घोळ लवकरच सुटला. निर्वात नळीत वायूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बनवतात, विद्युतक्षेत्राने त्यांना वेग देतात आणि चुंबकीय क्षेत्रात वळवतात. विद्युतभार सारखा असेल तर जड आयन कमी वळतो. क्लोरीनचा रेणू दोन अणूंचा, त्यामुळे नोंदीच्या आलेखात ७०, ७२ आणि ७४ या वस्तुमानांना शिखरे येतात, साधारण ५७ : ३७ : ६ या प्रमाणात. शिवाय रेणू तुटून ३५ आणि ३७ ला आणखी दोन. कार्बनी संयुगात एकच क्लोरीन असेल, तर दोन एककांच्या अंतरावर ३ : १ उंचीची जोडी दिसते. ओळखीची इतकी सोपी खूण फार थोड्या मूलद्रव्यांना लाभली आहे.

मधेच ३६ ला शिखर दिसले तर हुरळून जाऊ नये. ते बहुधा हायड्रोजन क्लोराइडचे असते, आणि मग ३८ लाही त्याचा जोडीदार सापडतो. खरे क्लोरीन-३६ आहे, पण नगण्य. वैश्विक किरण वातावरणातल्या अरगॉनवर आदळून ते तयार होते. ते किरणोत्सारी असून त्याचे अर्धायुष्य सुमारे ३ लाख वर्षे आहे, म्हणून अतिप्राचीन भूजलाचे वय काढायला उपयोगी पडते. ते मोजायला साधा वर्णपटमापी पुरत नाही, कणत्वरक जोडलेले यंत्र लागते. तिथेही गंधक-३६ आड येते, कारण दोघांचे वस्तुमान जवळजवळ एकच. म्हणून पाण्यातला क्लोराइड सिल्व्हर क्लोराइड म्हणून गोळा करतात, आणि नमुन्यातला सल्फेट बेरियम नायट्रेट घालून बेरियम सल्फेटच्या साक्याच्या रूपाने आधीच काढून टाकतात. ही पायरी ढिली राहिली तर गंधकाचे अणू क्लोरीन म्हणून मोजले जातात आणि भूजल आहे त्यापेक्षा तरुण ठरते.